जहाजी साहेबाची कोरी कड

१

दसऱ्यानंतरच्या पाचव्या दिवशी सकाळी परंड्याच्या उत्तरेश्वरराव देशमुखांच्या बैठकीत चौकट जागच्या जागी होती, पण तिच्यातला साहेब नव्हता. कुणीतरी धारदार पात्यानं त्याला चारी बाजूंनी कापून नेलं होतं.

हा साहेब म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कुणी इंग्रज आरमारी अधिकारी. निळा डगला, सोनेरी बटणं, काखेत टोपी आणि पाठीमागे वादळात कलंडलेलं जहाज, अशी ती तैलरंगातली तसबीर होती. देशमुखांच्या वडिलांनी ती हैदराबादच्या एका नवाबाकडून आणली होती. परंड्यापासून समुद्र इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांनी तो या तसबिरीतच पाहिला होता. गाव तिला जहाजी साहेब म्हणत असे. त्याच संध्याकाळी मुंबईहून चित्रांचे एक मोठे जाणकार साहेबाला बघायला येणार होते आणि तहसीलदारांनी हारतुऱ्यांची तयारीही केली होती.

ही बातमी जैनोद्दीनला त्याच्या अंगणात कळली. तो कचेरीसमोर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून देई आणि त्या दिवशीची शाई दौतीत भरत होता. बातमी आणली महांतप्पा जमादारानं. निजामाच्या राजवटीत जैनोद्दीन परंड्याचा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होता, तेव्हा हा महांतप्पा त्याच्या हाताखालचा साधा शिपाई होता. अजूनही तो जैनोद्दीनसमोर बसत नसे.

बातमी ऐकून जैनोद्दीनला आधी आनंद झाला आणि लगेच हळहळ वाटली. आनंद देशमुखाचं नाक कापलं गेल्याचा, आणि हळहळ ते आपल्या हातून झालं नाही याची. उगाच सोज्वळपणाचा आव आणण्यात अर्थ नाही, तो या माणसाचा द्वेष करत होता आणि मन लावून करत होता. सेहेचाळीस साली त्यानं देशमुखाला लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य दडवल्याबद्दल भर बाजारातून चालवत नेलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा देशमुखानं त्याचं उट्टं काढलं. अमिनानं रझाकारांना घरात आसरा दिला, असा जबाब त्यानं सही करून दिला. जबाब धादांत खोटा होता, पण त्या दिवसांत कोण विचारतो? जैनोद्दीनची नोकरी गेली, धाराशिवच्या तुरुंगात सहा महिने गेले आणि नावाला काळं लागलं ते लागलंच. त्यानंतर अकरा वर्षं तो सरकारकडे अपील करत होता. आणि रोज नमाज झाली की देशमुखाला दीर्घायुष्य मागत होता, कारण सूड घ्यायचा तर माणूस जिवंत हवा.

त्या अपिलाची सुनावणी आता कुठे लागली होती. पुढच्या महिन्यात, औरंगाबादला.

महांतप्पा पायांनी माती उकरत उभा होता. त्याचं सांगून संपलेलं नव्हतं.

"अमीनसाहेब, देशमुखानं फिर्याद दिलीया," तो म्हणाला. "पहाटं परसाच्या भिंतीवरनं तुमाला उतरताना बघितलं म्हणून. सही करून दिलंया."

२

नवे फौजदार तरुण होते, सोलापूरकडचे. देशमुखांनी आल्या आल्या त्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली होती आणि ते काही त्यांना रुचलं नव्हतं. जैनोद्दीननं एवढंच मागितलं, की मला खोली बघू द्या आणि घरातल्या माणसांशी तुमच्यादेखत बोलू द्या. संध्याकाळच्या एसटीपर्यंत चोर दिला नाही, तर बेडीला माझे हात आहेतच. सुनावणीच्या तोंडावर नवा गुन्हा नोंदला गेला, तर अकरा वर्षांचं अपील चुलीत जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महांतप्पानंही त्याच्यासाठी शब्द टाकला. फौजदारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

तेरा वर्षांत जैनोद्दीननं त्या घराची पायरी चढली नव्हती. देशमुख लोडाला टेकून बसले होते. त्यांनी त्याला बसा म्हटलं नाही आणि तो बसलाही नाही.

चौकट जड सागवानाची, चार हात उंच, चार खुंट्यांवर टांगलेली. ती उतरवायला दोन माणसं तरी हवीत. म्हणजे ज्यानं कापाकापी केली तो एकटा होता, नाहीतर चौकटीसकटच नेली असती. कापणाऱ्यानं पातं चौकटीच्या आतल्या काठाला धरून फिरवलं होतं. त्यामुळे चौकटीच्या लाकडाखाली दबलेली कापडाची कड चारी बाजूंनी तशीच राहिली होती. जैनोद्दीननं नखानं ती कड थोडी उचलली. दोन बोटं रुंदीची पट्टी होती. आतल्या, कापलेल्या बाजूला निळ्या रंगाचा बारीक धागाभर काठ आणि बाकी सगळी पट्टी पांढरी. नुसता सफेदा दिलेला, त्यावर शिसपेनची एक सरळ रेघ.

त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं फक्त विचारलं, की ही तसबीर शेवटची खाली कधी उतरवली होती.

"वडलांनी लावली ती लावली," देशमुख म्हणाले. "चाळीस वर्सात खाली न्हाय आली. दर साली घट बसायच्या आदी चुना देतो, तो बी चौकटीच्या कडंकडंनं."

फौजदारांनी ते वहीत लिहून घेतलं. मग जैनोद्दीननं महांतप्पाच्या मदतीनं चौकट खाली उतरवली. बैठकीच्या भिंती नुकत्याच चुना दिलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या होत्या. चौकटीमागचा तेवढा भाग मात्र निळसर होता. चुन्यात नीळ जरा जास्त पडली की येतो तसा निळा. चाळीस वर्षं चुन्याचा हात न लागलेली भिंत धुरानं काळी व्हायला हवी होती. ही तर कुणीतरी रंगवलेली होती.

देशमुख लोडावरून उठले. भिंतीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि एकदम आवाज चढवून म्हणाले, की भिंतीची मोजदाद कसली करता, आधी या माणसाच्या घराची झडती घ्या.

३

झडतीला वेळ लागला नाही. जैनोद्दीनच्या परसात, भुसकटाच्या ढिगाच्या कडेला राख सापडली. पाटीभर काळी राख आणि तिच्यात तळहाताएवढा अर्धवट जळलेला कापडाचा तुकडा. तुकड्यावर निळा डगला होता आणि एक सोनेरी बटण चकाकत होतं.

ताहेराबी दारात उभी होती. नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती त्याला फौजदाराच्या बेडीपेक्षा जास्त लागली. तिला वाटलं, अखेर यानं केलंच. अकरा वर्षं ती त्याला उशीशी दात खाताना ऐकत होती, तिचा तरी काय दोष.

"मैंने नहीं किया," तो तिला हळूच म्हणाला. तिनं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

देशमुखांचा गडी रस्त्यावर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, की वैर होतं म्हणून अमिनानं साहेब जाळला. गर्दी जमली. जमलेल्यांत जैनोद्दीननं ज्यांचे अर्ज लिहून दिले असे कितीतरी होते, आणि ते आता त्याची नजर चुकवत होते. महांतप्पाचा हात बेडीकडे गेला आणि तिथंच थांबला.

जैनोद्दीनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पण जुना अमीन अंगात जागा होता. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं राख हातानं बाजूला सारली. खाली भुसकट होतं, पिवळंधमक आणि कोरडं ठाक. एक काडीसुद्धा करपली नव्हती.

"फौजदारसाब, हितं जाळ झाला असता तर ही गंजी राहिली असती का?" त्यानं विचारलं. "राख थंड झाल्यावर हितं आणून वतलीया."

फौजदारांनी स्वतः वाकून भुसकट हातात घेतलं, वास घेतला, बोटांत चोळलं. मग ते उभे राहिले आणि त्यांनी महांतप्पाला बेडी परत कमरेला लावायला सांगितलं. राख ओतून गेलेला माणूस तूच नाहीस, हे यातून ठरत नाही, असंही ते जैनोद्दीनला म्हणाले. एसटीला चार तास होते.

४

त्या चार तासांत जैनोद्दीन दोन माणसांशी बोलला आणि दोन्ही वेळा फौजदार बरोबर होते.

पहिला चाँदपाशा. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, मोहरमचे ताबूत, बैलगाड्यांच्या फळ्या, रंगाचं जे काही असेल ते परंड्यात चाँदपाशाच्या हातचं. त्याचं खोपटं देशमुखांच्या जागेत होतं. तो एका पानपट्टीच्या पाटीवर वाघ काढत बसला होता. जैनोद्दीननं त्याला जळका तुकडा दाखवला आणि ओळखतोस का म्हणून विचारलं. चाँदपाशानं तुकड्याकडे पाहिलंच नाही. आपल्याला ठाऊक नाही, आपण कधी बैठकीत गेलो नाही, मोठ्या लोकांच्या भानगडीत गरिबाला ओढू नका, असं तो वाघाकडे बघत बोलत राहिला. वाघाची मिशी मात्र वाकडी होत होती. जैनोद्दीननं त्याला जास्त दाबलं नाही. ज्याचं छप्पर दुसऱ्याच्या जागेत आहे, तो दबला की तुटतो, बोलत नाही.

दुसरी द्वारकाबाई, देशमुखांच्या मयत धाकट्या भावाची, लिंबाजीची विधवा. ती परसातल्या खोलीत राहायची आणि घरच्या चुलीचं सगळं काम तिच्याकडे होतं. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलली नव्हती, घराण्याची तशी रीतच होती. चुन्याविषयी विचारल्यावर तिनं पदर सावरला. मग एकदम बोलायला लागली.

निळीची गोष्ट खरी होती. तीन वर्षांपूर्वीची. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, डोळ्यांत पाणी असायचं, चुना कालवताना निळीची सबंध पुडी तिच्या हातून पडली. दुसऱ्या दिवशी थोरल्या मालकांनी तिला नवस फेडायला म्हणून तुळजापूरला धाडलं, ते थेट अमावास्येपासून कोजागिरीपर्यंत. इतके दिवस कशाला, हे तिला तेव्हा कळलं नाही. ती परतली तेव्हा घर निळं झालं होतं आणि सगळ्यांनी तिला बोल लावले. पुढच्या वर्षी त्यावर पांढरा चुना बसला आणि निळीची गोष्ट मागे पडली. निळीच्या वर्षीच्याच दिवाळीत देशमुखांच्या दारात जीपगाडी आली होती.

"आन् साहेब तरणा झाला," द्वारकाबाई म्हणाली.

फौजदारांना कळेना. तिनं समजावून सांगितलं. साहेबाच्या गालावर बारीक भेगा होत्या, तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा. लिंबाजी तिला कंदील धरून दाखवायचा, रंग म्हातारा झाला की असा तडकतो म्हणायचा. तसबीर त्याचीच होती, वाटणीपत्रात तसं लिहिलेलं होतं, जड म्हणून बैठकीत ठेवली एवढंच. तुळजापूरहून आल्यावर ती धूळ पुसायला गेली तर साहेबाचा गाल गुळगुळीत होता.

ती तीन वर्षं गप्प राहिली, कारण तिचं ऐकणार कोण. मग गावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला. संध्याकाळी बायका जायच्या म्हणून तीही गेली आणि पाटीवर गिरवत गिरवत लिहायला शिकली. आयुष्यातलं पहिलं पत्र तिनं मुंबईच्या संग्रहालयाला लिहिलं, की आमच्याकडे जुनी तसबीर आहे, बघायला या, आणि तहसीलदारालाही कळवा. थोरल्या मालकांना अजून वाटत होतं, की ही अंगठेबहाद्दर आहे.

"तुमच्याकडंच येनार व्हते लिवून घ्यायला," ती जैनोद्दीनला म्हणाली. "पर तुमचं अक्षर समद्या तालुक्याला ठावं हाय. मला त्यास्नी चार मानसांत उघडं पाडायचं व्हतं. तुमच्यावर बालंट येईल हे न्हाय आलं ध्यानात."

जैनोद्दीननं तिच्याकडे पाहिलं. या घरात आपल्यासारखंच कुणीतरी दात खात झोपत होतं, हे त्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कुर्डुवाडीची एसटी फाट्यावर वाजली.

५

मुंबईचे जाणकार वाकून चालणारे वृद्ध गृहस्थ होते. रिकामी चौकट बघून ते खांबाला धरून उभे राहिले. बैठकीत तहसीलदार होते, गावातली चार वजनदार माणसं होती, आणि दाराशी महांतप्पानं बोलावून आणलेला चाँदपाशा. द्वारकाबाई माजघराच्या पडद्याआड उभी होती. देशमुख पाहुण्यांना सांगत होते, की एका वैऱ्यानं सूड म्हणून आमचा ठेवा जाळला, आणि तो वैरी हा इथेच उभा आहे.

फौजदारांनी जैनोद्दीनला खूण केली.

तो घाई न करता बोलला. इतकी वर्षं वाट बघितलेली, आता घोट घोट घेऊन बोलायला त्याची हरकत नव्हती. आधी त्यानं पाहुण्यांना एक सवाल केला. खरा चितारी कापड चौकटीत बसवायच्या आधी रंगवतो की नंतर?

"आधीच," पाहुणे म्हणाले. "रंग कडेपर्यंत जातो. चौकट नंतर बसते, तेव्हा थोडा रंग तिच्याखाली दबतो."

जैनोद्दीननं चौकटीतली पट्टी उचलून दाखवली. पांढरी, कोरी.

मग त्यानं आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. कचेरीत जुन्या कागदांच्या नकला होतात. मूळ कागद बांधणीत शिवलेला असतो, त्याचा काही मजकूर शिलाईच्या आत गेलेला असतो. नक्कल करणारा दिसतं तेवढंच उतरवतो. म्हणून बांधणीत दडलेला मजकूर नकलेत कधी येत नाही, आणि अमीन असताना तो नक्कल आणि मूळ कागद यांतला फरक असाच ओळखायचा. इथेही तेच झालं होतं. कुणीतरी साहेबाची नक्कल केली, आणि करताना साहेब चौकटीत होता. त्यानं चौकटीच्या आत दिसला तेवढाच साहेब काढला. लाकडाखालचा त्याला दिसला नाही, म्हणून तिथे रंगच नाही.

"म्हंजे पहाटं कापली ती तसबीर नक्कल व्हती," तो म्हणाला. "आन् मला एक सांगा देशमुख, वैऱ्यानं जाळायचं म्हनलं तर नक्कल कशाला जाळंल? नक्कल जाळायची गरज त्यालाच, ज्याला हे पावने ती बघनार याची भीती."

देशमुख हसले. नक्कल असेल तर आपल्या वडिलांनाच नवाबानं फसवलं असेल, आपल्याला काय ठाऊक, असं ते म्हणाले. युक्तिवाद वाईट नव्हता. तहसीलदारांनी मान डोलावलीसुद्धा.

जैनोद्दीननं भिंतीकडे बोट केलं. चाळीस वर्षांत चौकट खाली आली नाही, हा जबाब देशमुखांनी सकाळी फौजदारांच्या वहीत दिलेला. मग चौकटीमागे निळीचा चुना कसा? त्या घरात निळा चुना एकदाच लागला, तीन वर्षांपूर्वी. त्या वेळी चौकट भिंतीवर नव्हती.

"कोन म्हनतं एकदाच लागला?" देशमुख म्हणाले.

"म्या म्हनते," पडद्याआडून आवाज आला, आणि पाठोपाठ द्वारकाबाई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान ताठ होती. "नीळ म्या कालवली व्हती. तुमी मला तुळजापूरला धाडलं आन् माझ्या मालकाची तसबीर इकली."

देशमुखांना तिचा आवाज कसा आहे हे बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. ते म्हणाले, की बाई दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे, हिच्या बोलण्याला पुरावा काय.

खिडकीशी उभे राहून पाहुणे तो जळका तुकडा भिंगातून बघत होते. ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, की रंग ताजा आहे, चार-पाच वर्षांपेक्षा जुना नाही, जवसाच्या तेलाचा वास अजून येतोय. पण हात फार चांगला आहे. या बटणावर उजेड असा पडलाय की मुंबईतसुद्धा थोड्यांना जमेल. हा कलावंत कोण, मला त्याला भेटायचं आहे.

दाराशी चाँदपाशा उभा होता. जन्मभर त्यानं वाघ, मोर आणि हातगाड्यांवर देवादिकांची नावं काढली होती, आणि त्याला कलावंत कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं देशमुखांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"बटनं बारा व्हती," तो म्हणाला. "बाराच्या बारा म्या काढली. मळ्यावर, पंधरा दिस बसून. चौकट सोडायची न्हाय म्हनले मालक, म्हनून कडंला कोरं राहिलं. शेवटच्या दिशी एक मानूस मोटारीतनं आला आन् खरा साहेब काढून घिऊन गेला. डागडुजीला चाललाय म्हनले मला."

फौजदारांनी वही उघडली. देशमुख लोडावर बसले ते कुणीतरी खांदे दाबून बसवल्यासारखे बसले. जैनोद्दीन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला दया आली नाही. भूक लागल्यावर भाकरी पुढे यावी तसं त्याला बरं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

६

विधवेची चीज विकल्याची तक्रार द्वारकाबाईनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात दिली. तिच्यातून देशमुख सुटणार नव्हते. राहिली खोट्या फिर्यादीची भानगड. फौजदारांनी देशमुखांना स्पष्ट सांगितलं, की ज्याच्यावर आळ घेतला त्यानं माफ केलं, तर तेवढ्यापुरतं मी पुढे नेणार नाही. काय ते त्याच्याशी बघा.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. कचेरीसमोर जैनोद्दीनच्या सतरंजीपुढे सात-आठ माणसं ओळीनं बसली होती आणि शेवटी येऊन उत्तरेश्वरराव देशमुख उभे राहिले. त्यांनी हळू आवाजात बाजूला यायला सांगितलं. जैनोद्दीननं टाक न थांबवता सांगितलं, की कामाची वेळ आहे, नंबरानं बसा.

देशमुख मातीत बसले. धोतराचा सोगा त्यांनी हातात धरला होता. बाजाराला आलेली माणसं थांबून बघत होती. त्यांचा नंबर यायला पाऊण तास लागला.

"माफी पायजे तर अर्ज लागंल," जैनोद्दीन म्हणाला. "सांगा तुमी, म्या लिवतो. माफी मागायची तर समदे गुन्हे लिवावं लागत्यात, ही रीत हाय. येक लपला तर अर्ज रद्द."

देशमुख सांगत गेले आणि तो लिहीत गेला. भिंतीवरून उतरताना पाहिल्याची खोटी फिर्याद. आपल्याच हातानं कापून जाळलेली नक्कल आणि तिची राख ओतायला पाठवलेला गडी. मग ते थांबले. जैनोद्दीननं टाक दौतीत बुडवला आणि वाट बघितली. शेवटी देशमुखांनी खाली बघून एकोणपन्नास सालच्या जबाबाचं सांगितलं. अमिनाच्या घरात आपण कुणीही रझाकार पाहिला नव्हता. आपण रागानं लिहून दिलं होतं.

अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

अर्जनवीस लिहून झालेला अर्ज सही घ्यायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवतो. न वाचणाऱ्याला कळावं आणि पुढे कुणी नाकबूल होऊ नये म्हणून ती पद्धत आहे. देशमुखांना वाचता येत होतं, तरी जैनोद्दीननं पद्धत मोडली नाही. तो उभा राहिला आणि अमीन असताना ज्या आवाजात जाहीरनामे वाचायचा, त्या आवाजात त्यानं तो अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. ताहेराबी मेथी घ्यायला आली होती, ती जुडी हातात धरून उभी राहिली. महांतप्पानं कचेरीच्या पायरीवर टाचा जुळवल्या.

वाचून झाल्यावर देशमुखांनी सही केली. साक्षीदार म्हणून दोघांनी सह्या केल्या, आणि चाँदपाशानं ठसठशीत अक्षरात तिसरी. जैनोद्दीननं कागदावर बारीक वाळू टाकून शाई टिपली, घडी घातली आणि अर्ज औरंगाबादच्या सुनावणीच्या कागदांत ठेवून दिला. आपण काय लिहून दिलं, हे बहुधा त्या क्षणी देशमुखांच्या ध्यानात आलं. तरीही ते हात जोडून बसले होते.

"मग, माफ केलं का?" त्यांनी विचारलं.

जैनोद्दीननं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी तो सरकारला अर्ज करत होता आणि अकरा वर्षं त्याला छापील कार्डावर एकच उत्तर येत होतं. तेच उत्तर त्यानं देशमुखांना दिलं.

"अर्ज पोचला. यथावकाश विचार करण्यात येईल."

आणि त्यानं पुढच्या माणसाला हात केला.